फुप्फुसातला वण आणि भक्षक पेशी : एका संशयाचा इतिहास

फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये वायुकोशांच्या नाजूक भिंतींत कोलॅजेनचे ताठ तंतू साचत जातात. कातडीवरची जखम भरली की वण उरतो आणि तिथेच थांबतो. हा वण मात्र वाढतच राहतो. रुग्णाच्या पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितला, की सँडलची वेल्क्रोची पट्टी हळूच उघडावी तसा बारीक चरचर आवाज येतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच हा वण वाढवतात का, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांत दोनदा फिरले आहे.

बाल्टिमोरमधील लुई हॅमन आणि अर्नोल्ड रिच यांनी 1944 मध्ये अशा चार रुग्णांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा आजार अतिशय वेगाने बळावलेला होता, त्यामुळे आज तो वेगळ्या प्रकारात मोडतो. तरी या विषयाची सुरुवात सहसा तिथूनच सांगितली जाते. प्रतिकारपेशींवरचा पहिला ठोस संशय मात्र दगडाच्या धुळीतून आला. सिलिकाचे कण गिळणाऱ्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, यांच्यापासून काढलेला अर्क तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना दिला असता कोलॅजेनची निर्मिती वाढते, असे हेपलस्टन आणि स्टाइल्स यांनी 1967 मध्ये दाखवले. धूळ स्वतः वण घडवत नव्हती; ती गिळणारी पेशी तसा निरोप धाडत होती.

1970 च्या दशकात दुर्बिणीच्या नळीतून फुप्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून घेण्याची आणि त्यातल्या पेशी मोजण्याची पद्धत रुळली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रोनाल्ड क्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या पाण्यात दाहाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या, आणि आधी दाह, मग वण, असा क्रम मानला जाऊ लागला. त्यावरून उपचारही ठरले : दाह दाबण्यासाठी स्टेरॉइड आणि जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन. तर्क सरळ होता. कारण न सापडलेल्या फायब्रोसिसमध्ये तो टिकेल का, याची कठोर परीक्षा मात्र फार उशिरा झाली.

2001 मध्ये सेलमन, किंग आणि पार्डो यांनी वेगळी मांडणी केली. वायुकोशांच्या अस्तरपेशींना पुन्हा पुन्हा इजा होते आणि ती भरून येण्याची प्रक्रिया बिघडते. दाह हा मुख्य सूत्रधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर कारण न सापडलेल्या फायब्रोसिसच्या रुग्णांवरील ‘पँथर’ नावाच्या औषधचाचणीत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधांचे मिश्रण घेणाऱ्या गटात 8, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या गटात 1 रुग्ण दगावला. 2011 मध्ये तो उपचारगट मध्येच थांबवावा लागला. वर्षानुवर्षे सद्हेतूने दिलेले औषध घातक ठरावे, ही या इतिहासातली सर्वांत वेदनादायक नोंद आहे. 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पिर्फेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधे वण वाढण्याचा वेग कमी करतात. प्रतिकारशक्ती दाबण्यावर त्यांची मदार नाही.

इथे प्रतिकारपेशी निर्दोष सुटल्या असे वाटले. पण तो निष्कर्षही घाईचा होता, असे मला वाटते. आजवर पेशी किती, एवढेच पाहिले जात होते. त्या आल्या कुठून, हे विचारले गेले नव्हते. वायुकोशांतल्या मूळ भक्षक पेशी जन्माच्या सुमारासच तिथे वस्तीला येतात. इजा झाल्यावर रक्तातल्या मोनोसाइट पेशी आत शिरून त्यांच्या शेजारी नव्या भक्षक पेशी बनतात. मिशारिन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये उंदरांत या नव्या पेशी नष्ट केल्या तेव्हा फायब्रोसिस कमी झाला. मूळ रहिवासी पेशींचा मात्र त्यात वाटा आढळला नाही. 2019 पासून माणसाच्या फुप्फुसातली एकेक पेशी वेगळी काढून केलेल्या अभ्यासांत, ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवणाऱ्या भक्षक पेशींचा गट वणाच्या जागी सापडला. त्यामुळे सगळा दाह सरसकट दाबण्याऐवजी नेमका हाच गट कसा आवरता येईल, याकडे आता संशोधकांचे लक्ष आहे.

भारतात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. फुप्फुसाच्या भिंतींत दाह होणाऱ्या किंवा वण पडणाऱ्या आजारांच्या, देशातल्या 27 केंद्रांवरील 1,084 रुग्णांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत सर्वाधिक, 47.3 टक्के, रुग्ण अतिसंवेदनशील न्यूमोनायटिसचे निघाले. श्वासावाटे गेलेली बुरशी किंवा पक्ष्यांच्या विष्ठेतली प्रथिने यांच्याविरुद्ध लिम्फोसाइट या प्रतिकारपेशी खवळून उठतात, तो हा आजार. यात दाहाची भूमिका वादातीत आहे, आणि वण पक्का होण्याआधी निदान झाले तर स्टेरॉइडचा उपयोगही होऊ शकतो. नोंदवहीतल्या या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आला होता. म्हणूनच छातीच्या डॉक्टरांनी घरातल्या कूलरविषयी आणि खिडकीतल्या कबुतरांविषयी विचारले, तर ती चौकशी निदानाचाच भाग असते.