मास्टेक्टॉमीनंतर स्तनाची पुनर्रचना : विमा कसा मिळवायचा, कागद कोणते लागतात?

मास्टेक्टॉमीनंतर, म्हणजे कॅन्सरमुळे स्तन काढल्यानंतर, त्याच्या पुनर्रचनेचं नाव काढलं की विम्याच्या काउंटरवर बहुधा एकच उत्तर मिळतं: "ही कॉस्मेटिक सर्जरी, पॉलिसीत बसत नाही." तेवढ्यावर परत फिरू नका. आधी स्वतःची पॉलिसी उघडा.

कोणते खर्च वगळायचे याचा मजकूर आयआरडीएआयने (विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना एकसारखा घालून दिला आहे. त्यातलं ८ क्रमांकाचं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळतं खरं, पण त्याच वाक्यात अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरच्या पुनर्रचनेला सूट दिली आहे. काउंटरवर हे कलमच दाखवायचं. त्यातच वैद्यकीय गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करण्याचाही उल्लेख आहे. त्यामुळे सगळी मदार डॉक्टरांच्या पत्रावर.

पत्रात निदान, डावी की उजवी बाजू, मास्टेक्टॉमी कधी झाली किंवा होणार आहे आणि "कॅन्सरसाठी केलेल्या मास्टेक्टॉमीनंतरची पुनर्रचना" हे शब्द स्पष्ट हवेत. पद्धतही लिहून घ्या: इम्प्लांट (आत बसवायचा कृत्रिम भराव), एक्स्पांडर (त्वचा हळूहळू ताणणारी तात्पुरती पिशवी), की पाठीचा अथवा पोटाचा फ्लॅप (तिथलीच त्वचा आणि ऊती घेऊन केलेली रचना). "आकार सुधारण्यासाठी" असं मोघम लिहिलेलं पत्र म्हणजे क्लेम नाकारायला आयतं निमित्त. लाजू नका, पत्र बदलून मागा.

दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी होणार असतील तर पूर्वमंजुरीच्या अर्जात दोन्हींची नावं आणि खर्चाचा अंदाज वेगवेगळा लिहिलेला आहे ना, हे रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारा कक्ष) स्वतः वाचून पाहा. अर्जात नुसती मास्टेक्टॉमी असेल तर मंजुरीही तेवढ्यापुरतीच येते. रेडिएशन घ्यायचं असल्यास डॉक्टर बऱ्याचदा पुनर्रचना पुढे ढकलतात. मग प्रत्येक टप्प्याला नवी भरती आणि नवा क्लेम. एक्स्पांडर बसवून नंतर तिथे कायमचं इम्प्लांट घालायचं असेल तर हेच होतं. दुसऱ्या बाजूचा स्तन जुळवून घेण्याच्या शस्त्रक्रियेवर हमखास प्रश्न येतो. त्याबद्दल कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्या.

पॉलिसी कॅन्सर झाल्यावर घेतलेली असेल तर तो आधीपासूनचा आजार धरला जातो आणि प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. प्रस्तावात आजार लपवू नका; क्लेम तिथेच बुडतो.

फाइलमध्ये बायोप्सी आणि हिस्टोपॅथॉलॉजीचे रिपोर्ट, आधीच्या भरतीचं डिस्चार्ज कार्ड, केमो-रेडिएशनचा तपशील, डॉक्टरांचं पत्र, पॉलिसी, आधार आणि पॅन ठेवा. इम्प्लांट बसवलं तर त्याच्या खोक्यावरचं अनुक्रमांकाचं स्टिकर आणि खरेदीचं बिल डिस्चार्जआधीच ताब्यात घ्या. इतक्याशा चिकटपट्टीवाचून फाइल अडकून पडते.

ठरलेल्या शस्त्रक्रियेची खबर बहुतेक पॉलिसींत किमान ४८ तास आधी द्यावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याच्या) विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत.

खासगी विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे: कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) भेटा. इथे उपचार ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात, म्हणून "कॅन्सरचं ऑपरेशन होईल का" एवढंच विचारून थांबू नका. पुनर्रचनेचं पॅकेज कोणतं आणि ते याच रुग्णालयात मिळतं का, हेही विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, तेव्हा नकाराच्या पत्रावरची तारीख जपून ठेवा.