‘ब्यूटी अँड द बीस्ट’ : कापलेला कोणता आणि वाढवलेला कोणता, एकदाचं सांगून टाकतो

दर दिवाळीला हाच वाद. इंदिरानगरला मावशीकडे सगळी भावंडं जमतात, फराळ होतो, मग पोरांनी फटाक्यांचा हट्ट धरू नये म्हणून कुणीतरी टीव्हीवर डिस्नीचा ब्यूटी अँड द बीस्ट पिक्चर लावतं. पोरं गपगार बघत बसतात आणि मागे सोफ्यावर आम्ही घोडे भांडतो. ‘ते साफसफाईचं गाणं कुठंय यात? हा कापलेला दिसतोय.’ ‘कापलेला नाहीये रे, ओरिजिनलमध्ये ते नव्हतंच.’ ‘होतं, मी स्वतः बघितलंय लहानपणी.’ हे म्हणणारा माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि त्यानं खरंच बघितलंय, तो खोटं बोलत नाहीये. पण तो चुकतोय. आणि त्याला ‘ते गाणं नंतर कुणीतरी नवीन घुसडलंय’ असं उत्तर देणारी माझी बहीण, तीपण चुकतीये. दरवर्षी मी समजावतो आणि दरवर्षी चकल्यांसोबत विसरतात, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ. 2017 चा एमा वॉटसनवाला आणि 1991 चा कार्टूनवाला यात गोंधळ होणाऱ्यांसाठी मी लिहीत नाहीये, एकात माणसं आहेत एकात चित्रं, विषय संपला. (आणि हो, ‘कार्टून’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगतो की काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम करून पडद्यावर नाचवणारे फाळके आपल्या त्र्यंबकचेच.) मूळ गोष्ट फ्रेंच. 1740 मध्ये विलन्यव्ह नावाच्या बाईंनी ती लांबलचक लिहिली, 1756 मध्ये बोमाँ नावाच्या दुसऱ्या बाईंनी ती छाटून आटोपशीर केली आणि ती छोटी आवृत्तीच जगभर गेली. त्या गोष्टीत खलनायक गॅस्टन नाही आणि गाणारी किटलीही नाही, ते सगळं डिस्नीचं.

तर आता मुद्द्याचे दोन पिक्चर. एक नोव्हेंबर 1991 चा, थेटरात लागलेला, गॅरी ट्राउसडेल आणि कर्क वाइज यांनी दिग्दर्शित केलेला, 84 मिनिटांचा. दुसरा 1 जानेवारी 2002 ला आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यासाठी आलेला, ज्याला स्पेशल एडिशन म्हणतात, साधारण 91 मिनिटांचा. तो पिक्चर तोच, फक्त मध्ये ‘ह्यूमन अगेन’ नावाचं एक मोठं गाणं जास्त, ज्यात शापानं वस्तू झालेले वाड्यातले नोकर, म्हणजे घड्याळ, मेणबत्ती, किटली, कपाट, सगळे मिळून वाडा झाडून पुसून काढतात आणि पुन्हा माणूस झालो की काय काय करू हे गातात. आणि त्या गाण्याच्या मध्येच एक छोटा प्रसंग, नायिका बेल बीस्टला, म्हणजे शापानं जनावर झालेल्या राजपुत्राला, रोमिओ अँड ज्युलिएट वाचून दाखवते आणि मग त्याला वाचायला शिकवते. एवढाच फरक, आणि एवढं बहुतेकांना माहितीये.

घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. सगळे धरून चालतात की 91 मिनिटांचा म्हणजे पूर्ण, मग 84 वाला म्हणजे कापलेला. यात आपला दोष नाही, आपल्याला सवयच तशी आहे. केबलवाला गाणी उडवायचा, टीव्हीवर जाहिरातींसाठी सीन जायचे, कालिदास नाट्यगृहात सौभद्र नाटक बघायला गेलो तर किर्लोस्करांनी शंभराच्या वर पदं लिहिलेली आणि प्रयोगात त्यातली मोजकीच, बाकीची वेळेअभावी गाळलेली. म्हणजे आपल्याकडे लांब ते मूळ आणि आखूड ते कापलेलं, हे डोक्यात पक्कं बसलंय. त्यात ‘अनकट’ हा शब्द डीव्हीडीच्या जमान्यात इतका विकला गेला की चार मिनिटं जास्त दिसली की माणूस लगेच म्हणतो हाच खरा.

इथे प्रकरण उलटं आहे. 1991 मध्ये ते गाणं चित्रित होऊन मग कात्रीखाली गेलं, असं झालेलंच नाही. ते चित्रित व्हायच्या आधीच वगळलं. गाणं लिहिलेलं होतं, म्हणजे हॉवर्ड अॅशमनचे शब्द, अॅलन मेंकनची चाल, स्टोरीबोर्डसुद्धा (म्हणजे प्रसंगांची कच्ची चित्रं) झाला होता, पण अॅनिमेशनपर्यंत ते पोचलं नाही. कारण पण मस्त आहे. त्या गाण्यात बराच काळ निघून जातो, आणि एकदा वाड्यात काळ पुढे सरकला की बाहेर प्रश्न उभे राहतात, पोरीला शोधायला निघालेला म्हातारा बाप मोरिस एवढे दिवस करतोय काय, गॅस्टन एवढे दिवस नुसता बसून आहे का. गाणं चांगलं होतं, पण ते गोष्टीचं घड्याळ बिघडवत होतं. म्हणून ते बाजूला ठेवलं आणि त्या जागी ‘समथिंग देअर’ हे छोटं गाणं लिहिलं, बर्फातलं, पाखरांना दाणे घालतानाचं. ही मंडळी असं करायला कचरायची नाहीत. ‘बी अवर गेस्ट’ हे जेवणाच्या टेबलावरचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ते आधी बेलसाठी नव्हतंच, तिच्या बापासाठी होतं, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढा पाहुणचार नायिकेचा व्हायला हवा, की सगळं फिरवलं.

अॅशमन 14 मार्च 1991 ला गेला, पिक्चर लागायच्या आठ महिने आधी. त्यानं तयार पिक्चर बघितलाच नाही. आणि ‘ह्यूमन अगेन’ तसंच कागदावर राहिलं. 1994 मध्ये ब्रॉडवेवर या पिक्चरचं नाटक आलं तेव्हा मेंकननं ते गाणं काढून, डागडुजी करून रंगमंचावर घातलं, तिथे ते चाललं, आणि ते चाललं म्हणून मग 2002 च्या एडिशनसाठी त्याचं चित्र पहिल्यांदा काढलं गेलं. पहिल्यांदा. म्हणजे मावसभाऊ ज्याला ‘मूळचा कापलेला सीन’ म्हणतो तो काढणाऱ्यांनी पिक्चर लागून दहा वर्षं होत आल्यावर काढलाय, आणि बहीण ज्याला ‘नंतर घुसडलेलं गाणं’ म्हणते ते मूळच्याच गीतकारानं मूळ पिक्चरसाठीच लिहिलंय. गाणं जुनं, चित्र नवं. हे चार शब्द लक्षात ठेवा, अर्धी भांडणं मिटतात. कापलेलं नाही, परत जोडलेलंही नाही, वाढवलेलं आहे. आणि ‘रिस्टोअर केलेला’ हा शब्द तर वापरूच नका प्लीज, मला त्या शब्दाची अॅलर्जी झालीये. रिस्टोअर म्हणजे जुन्या फिल्मवरचे ओरखडे, उडालेले रंग दुरुस्त करणं, त्यात कुणी नवं चित्र काढून घालत नाही.

मग मावसभावानं लहानपणी ते बघितलं कसं? सोपं आहे. व्हिडिओ कॅसेट अमेरिकेत ऑक्टोबर 1992 मध्ये आली, आणि डिस्नीचा तेव्हाचा धंदा असा की काही महिने विकायचं आणि मग तिजोरीत कुलूपबंद करून ठेवायचं, म्हणजे लोकांना वाटतं आत्ता घेतलं नाही तर गेलं. 1993 मध्ये ही कॅसेट बंद झाली. त्यानंतर घरी बघायचा पिक्चर नीट परत आला तो ऑक्टोबर 2002 मध्ये, डीव्हीडीवर, तोही दोन डिस्कचा, आणि त्याच्यात तीन पिक्चर होते. एक 1991 चा, एक स्पेशल, आणि एक अर्धवट, ज्यात काही ठिकाणी नुसती पेन्सिलीची चित्रं हलतात, कारण सप्टेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या फेस्टिव्हलला पिक्चर पूर्ण व्हायच्या आधीच तसाच दाखवला होता. मी सिडकोतल्या लायब्ररीतून आणलेल्या, कितव्या पिढीची कॉपी होती देव जाणे, त्या कॅसेटवर बघितला, रंग सगळे उडून गुलाबी झालेले, पण पिक्चर 1991 चा. मावसभावाच्या बाबांनी मुंबईहून डीव्हीडी आणली आणि मेनूत ‘स्पेशल’ दिसल्यावर दुसरं कोण काय दाबणार. तो बिचारा कायम स्पेशलच बघत मोठा झाला. दोघांच्या लहानपणात दोन वेगळे पिक्चर, आणि दोघंही शपथ घेऊन सांगतात ‘मी ओरिजिनल बघितलाय’.

डिस्कच्या कव्हरवरची मिनिटं बघून ठरवायला जाल तर तिथेही एक गंमत आहे. आपल्याकडची बरीच जुनी डिस्क पाल (PAL) नावाच्या टीव्ही पद्धतीची. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमचा, पाल चालते 25 नं, म्हणून सगळं साधारण 4 टक्के वेगानं पळतं. 84 चे 81 होतात आणि 91 चे 87. त्यामुळे 87 लिहिलेलं बघून ‘हा 84 च्या जवळचा, म्हणजे ओरिजिनल’ असं म्हणाल तर फसलात. तसं 81 बघून ‘तीन मिनिटं कापली’ म्हणणारेही भेटलेत मला. काही कापलेलं नाहीये, सगळे जरा घाईत आहेत एवढंच. (व्हीसीडीचं विचारू नका. एका सीडीत 74 मिनिटं मावायची, म्हणजे दोन सीड्या, आणि आमच्याकडे भारनियमनाच्या वेळा अशा की दुसरी सीडी घातली की लाइट जायची. मी कॉलेजात जाईपर्यंत सीडीवर सलग शेवट बघितला नव्हता.)

आता माझं मत, कारण ते न सांगता मला जेवण पचणार नाही. 84 वाला बघा. ‘ह्यूमन अगेन’ ऐकायला झकास आहे, सुटं लावा, घर आवरताना लावा, मी स्वतः लावतो. पण पिक्चरमध्ये ते नको. कारण हा पिक्चर तीसेक वर्षं घराघरात पोरं पुन्हा पुन्हा लावतात ती त्याच्या चपळाईमुळे, त्यात एकही जागा अशी नाही की पोरगं उठून पाणी प्यायला जाईल. नाश्त्याचा तो सीन आठवा. बीस्ट थेट बाऊलमध्ये तोंड घालून खातो, मग चमच्याशी झटतो, जमत नाही, आणि बेल काय करते, आपला चमचा खाली ठेवते आणि बाऊल उचलून सरळ तोंडाला लावते, आपण आमटीची वाटी लावतो तशी. तोही लावतो. एक शब्द नाही. प्रेम झालं, आपल्याला कळलं. मग बर्फ, मग पाखरं, गाणं संपतं आणि लगेच तयारी, आणि मग तो नाच, मागे कॉम्प्युटरवर बनवलेला तो अख्खा हॉल फिरतो आणि कॅमेरा झुंबरावरून खाली येतो. उताराला लागलेल्या सायकलसारखं आहे ते.

स्पेशलमध्ये त्याच उतारावर मध्येच स्पीडब्रेकर. आपण त्या दोघांच्यात गुंतलेलो, आणि नोकरमंडळी झाडू घेऊन सहा मिनिटं स्वतःचं गाऱ्हाणं गातात. त्यांचं दुःख खरं आहे, मान्य, पण ते ‘बी अवर गेस्ट’मध्ये मेणबत्तीवाला लुमिएर दोन ओळींत सांगून गेलाय, नोकराला सेवा करायला कुणी नसेल तर तो अर्धा मेलेलाच. आणि वाचायला शिकवायचा प्रसंग गोड आहे हे कबूल, माझी भाची तिथे दरवेळी ‘ऑ’ करते, पण मला खटकतं ते हे की आत्ताच त्यानं तिला छतापर्यंत भरलेली अख्खी लायब्ररी भेट दिली, ती देताना त्याचा जो चेहरा फुलतो त्यातच सगळं आलं होतं, मग मागाहून त्याला अक्षर अक्षर लावायला बसवून तो क्षण का पातळ करायचा. बेस्ट पिक्चरच्या ऑस्करसाठी नॉमिनेशन मिळवणारा जगातला पहिला अॅनिमेटेड पिक्चर हाच, आणि संगीताची दोन ऑस्कर नेली त्यानं, ती 84 मिनिटांच्या जोरावर. साफसफाईशिवाय.

मावसभाऊ यावर म्हणतो, तू जो लहानपणी बघितला तोच तुला भारी वाटतो. असेल. पण मग बनवणाऱ्यांनीही 1991 मध्ये तेच ठरवलं होतं ना भो, गाणं हातात असताना.

तर तुमच्याकडे कोणता आहे हे बघायचं असेल तर मिनिटं मोजू नका, अंघोळ बघा. बर्फातलं गाणं संपतं, कप चिप आपल्या आईला विचारतो की तिथे काय आहे, ती म्हणते मोठा झालास की सांगीन, आणि त्याच्या पाठोपाठ बीस्ट थेट टबात बसलेला, अंगावर पाणी ओततायत, असं दिसलं तर तो 1991 चा. त्याच्याऐवजी घड्याळ कॉग्सवर्थ सगळ्यांना ओळीत उभं करून आपल्याकडे बारा तास छत्तीस मिनिटं आहेत असं सांगायला लागला, तर तो स्पेशल, आता झाडू निघणार, तेवढ्यात चहा टाकून या.