घरचं सीएनसी मशीन आणि कोकणची हवा : आमच्या ग्राहकांसाठी

संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं सीएनसी मशीन घरी नेल्यावर महिनाभरात तुमचा फोन येतो आणि पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "बोर्ड गेला वाटतं." बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, सहसा जात नाही. दुरुस्तीला आमच्या टेबलावर जे येतं त्यात बहुतेक वेळा काहीतरी सैल झालेलं असतं, काहीतरी सादळलेलं असतं, नाहीतर वीज मध्येच जाऊन आलेली असते. मशीनबरोबरच्या खोक्यातल्या पुस्तिकेत याबद्दल काही नसतं. ती लिहिणाऱ्याने आपला जुलै पाहिलेला नाही. म्हणून हे पत्रक आम्ही छापून खोक्यात टाकतो. मशीनच्या जवळच ठेवा, रद्दीत नको.

यातलं सगळं ३०१८ या छोट्या मशीनला धरून लिहिलं आहे. म्हणजे साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत कापणारं, २४ व्होल्टचं, जीआरबीएलवर (बोर्डातला, मोटरींना हुकूम देणारा प्रोग्रॅम) चालणारं. तुमचं मशीन मोठं असलं तरी दुखणी थोड्याफार फरकाने हीच.

नक्षी सरकली, गोल अंड्यासारखा आला

संगणकातल्या सेटिंगला हात लावण्याआधी अ‍ॅलन-की हातात घ्या. मोटरचा दांडा आणि लीड स्क्रू (टेबल सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) यांना जोडणारा जो छोटा अ‍ॅल्युमिनियमचा कपलर असतो, त्याचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे बारीक स्क्रू) थरथरीने सुटतात. दांड्याला सपाट बाजू असेल तर एक स्क्रू नेमका तिच्यावर बसला पाहिजे. आवळून झालं की दांडा आणि कपलर यांवर मिळून पक्क्या शाईच्या पेनाने एक सरळ रेघ ओढा. पुढचा जॉब (कापायचं काम) संपल्यावर रेघ तुटलेली दिसली तर कपलर घसरला. यापेक्षा स्वस्त तपासणी आम्हाला माहीत नाही.

रेघ जागेवर आणि तरी गोलाला चार ठिकाणी, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी, खाच किंवा चपटेपणा दिसतो? मग लीड स्क्रूवरच्या पितळी नटात ढिलाई आहे. मशीन चालू ठेवून टेबल हाताने हलकेच मागेपुढे करून पाहा, टकटक जाणवेल. नटामागची स्प्रिंग नीट बसवा, झिजला असेल तर नट बदला. तो मशीनमधल्या स्वस्त वस्तूंपैकी आहे.

इथे एका चुकीबद्दल जरा सविस्तर. टेबल १०० मिलिमीटर चालवायचं, पट्टीवर ९८.५ भरलं, म्हणून व्हिडिओ पाहून डॉलर १०० (एका मिलिमीटरला मोटरने किती पावलं टाकायची) या सेटिंगमधल्या ८०० चे ८१२ करायचे, हा उद्योग खूप जण करतात. पण ८०० हा आकडा अंदाजाचा नाही. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर (मोटर चालवणारी चिप) प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो आणि स्क्रू एका फेऱ्यात टेबल ४ मिलिमीटर सरकवतो. २०० गुणिले १६ भागिले ४, झाले ८००. हिशेब बरोबर असताना दीड मिलिमीटर हरवला असेल तर तो कुठेतरी घसरलेला असतो. आकडा बदलून तुम्ही ती घसरण झाकता, आणि दुसऱ्या जॉबला ती वेगळीच भरते. आकडा बदलायची वेळ येते ती स्क्रू बदलल्यावर. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारा स्क्रू बसवलात तर ४०० लिहायचे. जॉब एकदम २५.४ पट मोठा किंवा तितकाच लहान निघाला तर मशीनचा काही दोष नाही, फाइल इंचात आहे. फाइलमधली जी-२० ही खूण म्हणजे इंच, जी-२१ म्हणजे मिलिमीटर.

कापताना "किर्रर" असा दळल्यासारखा आवाज येऊन टेबल अडलं तर वेग जास्त आहे किंवा बिट (कापणारं टोक) खोल जातं आहे. वेगाचा हिशेब सोपा आहे : स्पिंडलचे (बिट फिरवणाऱ्या मोटरचे) मिनिटाला १०,००० फेरे, बिटाला दोन धारा, प्रत्येक धारेने ०.०३ मिलिमीटर कापायचं, म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर. सागावर पहिल्यांदा ४०० आणि एका थराला अर्धा मिलिमीटर, एवढ्यावरच सुरू करा. घाबरून १०० वर आणू नका. तेव्हा बिट कापत नाही, नुसतं घासतं, लाकूड करपतं आणि धार जाते. खाली भुसा पडला पाहिजे, पीठ नको.

बिट सारखं मोडतं म्हणणाऱ्यांनी कोलेट (बिट पकडणारी चिरलेली कडी) बघावं. ईआर-११ कोलेट आधी नटात दाबून "टक्" असं बसवायचं, मग बिट घालायचं, मग नट स्पिंडलवर फिरवायचा. कोलेट सुटं ठेवून वरून नट आवळला की बिट वाकडं फिरतं. कोलेटच्या फटीतला भुसा जुन्या टूथब्रशने काढत जा.

आगोटीची तयारी

मिरच्या-मसाले डब्यात भरायचे दिवस म्हणजे मे महिन्याचा मध्य. मशीनचंही तेव्हाच बघा. गाईडच्या पोलादी दांड्यांवर खाऱ्या हवेने बारीक तांबूस ठिपके येतात. तेव्हाच पुसले तर जातात, ऑगस्टपर्यंत राहिले तर खड्डे होतात आणि बेअरिंग खरखरतं. दांडे कोरड्या फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. निथळेल इतकं तेल नको, त्याला भुसा चिकटून लगदा होतो.

खोबरेल लावू नका. घरात हाताशी असतं, मान्य. पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. मग माघातल्या सकाळी फोन येतो की झेड (बिट वर-खाली करणारा भाग) वर जात नाही. गंज सोडवणारा फवाराही वंगण नव्हे. त्याने साफ करा आणि वरून तेल लावा.

पडवीत किंवा पागोळ्यांच्या बाजूच्या खिडकीशी मशीन ठेवू नका. झाकायला सुती चादर घ्या. प्लॅस्टिकच्या खाली घाम धरतो आणि उघड्यावर राहिलं असतं त्याहून लवकर गंज चढतो. पेटी केली असेल तर आत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा. ओली झाली की मंद आचेवर तव्यात सुकवून पुन्हा वापरता येते (तवा पोळ्यांचा घेऊ नका, घरात भांडण होईल). पावसात दोन-तीन दिवसांआड दहा मिनिटं मशीन रिकामं चालवा. पॉवर सप्लायच्या जाळीत पाल शिरते, आणि शिरली की दोघांचंही काही खरं नसतं. पंख्याला हवा मिळेल अशी बारीक जाळी बाहेरून लावा.

टेबलावरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकूडतंतूंची फळी) पहिल्या पावसात कडेने फुगतो. मग एका कोपऱ्यात अक्षर खोल आणि दुसऱ्यात नुसता ओरखडा. झेडची सेटिंग बदलत बसण्यापेक्षा जूनच्या शेवटी एकदा सपाट बिटाने अख्ख्या एमडीएफवरून अर्धा मिलिमीटर काढून टाका.

लाकडाचंही तसंच. ते आडव्या अंगाने फुगतं-आक्रसतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही. गणपतीच्या मखराची घाई म्हणून ओलसर फळी थेट मशीनवर चढवली तर कापतानाच पीळ घेते. निदान आठ दिवस त्याच खोलीत पडू द्या, खाली बारीक पट्ट्या देऊन, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल. पावसात केलेलं जडावकाम (एका लाकडात दुसऱ्याचा तुकडा बसवणं) मार्चमध्ये सैल पडतं. त्यावर उपाय एवढाच की दोन्ही तुकड्यांच्या रेषा एकाच दिशेला ठेवा. शिकायला शिवण घ्या, मऊ आणि शहाणं लाकूड आहे. फणस ताजा कापला की हळदीसारखा पिवळा असतो, पुढे उजेडाने तांबूस होतो. नावाची पाटी करून देत असाल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा. सागात सिलिका असते, धार लवकर बोथट होते. एका बिटावर चार पाट्या निघाल्या नाहीत म्हणून आमच्याकडे बिट परत आणू नका.

वीज जाते तेव्हा

हा भाग दोनदा वाचा. बहुतेक छोट्या बोर्डांमधल्या चिपला लॅपटॉपच्या यूएसबीतूनच वीज मिळते. त्यामुळे दिवे गेले तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू, चिप जागी आणि पडद्यावर जॉब मजेत पुढे सरकतो आहे. मोटरींना मात्र वीज नाही, टेबल जागच्या जागी. पाच मिनिटांनी वीज येते, मोटरी जाग्या होतात आणि भलत्याच ठिकाणाहून कापायला लागतात. असे आडवे फाटलेले चौरंग आम्ही पाहिले आहेत. वीज गेली की पहिलं काम : जॉब थांबवा, मशीनचं बटण बंद करा, यूएसबी काढा. बाजारात जायचं असेल तर तेव्हा मशीन चालू ठेवू नका.

पुन्हा सुरू करता यावं म्हणून जॉब लावतानाच शून्याच्या जागी, जॉबच्या बाहेर, एमडीएफवर बिटाने एक बारीक भोक पाडून ठेवा. वीज आल्यावर बिटाचं टोक त्या भोकात आणून शून्य पुन्हा घेता येतं. झेडचं शून्य बिट आणि फळी यांत कागद घालून घ्या. थांबला होता त्या ओळीच्या थोडं आधीपासून फाइल लावा. सुरुवातीच्या ओळी (जी-२१, मापं शून्यापासून मोजायला सांगणारी जी-९०, स्पिंडल चालू, बिट वर) मात्र वर ठेवायला विसरू नका.

कायमचा उपाय हवा तर संगणकाला लावतात तसला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचा खटका "यूपीएस"कडे करा, म्हणजे तो झटकन पालटतो. तरीही तो क्षण कधी पुरतो, कधी नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या किती गावांनी किती दिवस अंधारात काढले ते आपण विसरलेलो नाही. तसा इशारा आला की भिंतीतला प्लगच काढून ठेवा.

जॉब मध्येच तुटतो आणि "पोर्ट सापडत नाही" येतं, तेव्हा आधी लॅपटॉप झोपी जात नाही ना ते पाहा. मग केबल : दीड मीटरच्या आत, दोन्ही टोकांना फेराइटचा मणी (विजेचा गोंगाट अडवणारा), स्पिंडलच्या वायरीपासून वेगळी. त्यानेही थांबलं नाही तर अर्थिंग. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडतो. कोळसा-मीठ भरलेलं आहे का, पाणी घालता का, हे वायरमनला विचारा. मीटरशेजारी ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) नसेल तर मशीन नसलं तरी तो बसवून घ्या.

पडद्यावर लाल "अलार्म" दिसला की घाबरू नका. बिट मोकळं आहे याची खात्री करून डॉलर-एक्स पाठवा, कुलूप उघडतं. दर दहा मिनिटांनी कुलूप लागत असेल तर लिमिट स्विचच्या (टेबल टोकाला गेलं की मशीन थांबवणाऱ्या) वायरीत खोट आहे.

हे मात्र कधीच नाही

मशीन चालू असताना मोटरचा प्लग काढू-घालू नका. ड्रायव्हर त्याच क्षणी जातो, आणि तेव्हा "बोर्ड गेला" हे खरं असतं. सनबोर्ड बिटाने खुशाल कापा, पण लेझर लावून नाही. तो पीव्हीसी असतो, जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तुमच्या फुफ्फुसांना आणि मशीनच्या लोखंडाला दोघांनाही घातक. लेझरचा निळा उजेड चष्म्याशिवाय बघायचा नाही, मुलांनीही नाही. जांभ्यावर नाव कोरता येईल का, असं दर महिन्याला कोणीतरी विचारतं. या मशीनवर नाही, आणि ती धूळ गाईडमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. लाकडाच्या बारीक धुळीलाही नाकावर एन-९५ मास्क हवा, बाहीचं टोक पुरत नाही.

दुरुस्तीला आणताना

फक्त मशीन आणू नका. बिघडलेला तुकडा, ती जी-कोड फाइल (मशीनला दिलेल्या हुकमांची) आणि तेच बिट बरोबर आणा. दुखणं पुष्कळदा तुकड्यावरच लिहिलेलं असतं. एसटीने येणार असाल तर झेड खाली आणून सुतळीने बांधा, स्पिंडल काढून वेगळा गुंडाळा, आणि खोकं टपावर न देता आसनाखाली ठेवा. फोन दुपारी एक ते चार सोडून करा. गणपतीचे दिवस आणि शिमगा दुकान बंद असतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मखर अर्धवट राहिलं असेल तर तेवढ्यापुरतं मागच्या दारी या.