एकाच दरीतले दोन गोफर आणि नावांचा घोळ

गोफर म्हणजे जमिनीखाली बिळं करून राहणारा, उत्तर अमेरिकेतला उंदरासारखा कुरतडणारा प्राणी. एकाच दरीत दोन जातींचे गोफर 'एकत्र राहतात' म्हटलं की बिळाला बीळ लागून असेल असं वाटतं, पण हा प्राणी इतका एकलकोंडा की मीलन आणि पिल्लांचे दिवस सोडले तर स्वतःच्या जातीचासुद्धा बिळात खपत नाही. (आपली घूस डोळ्यासमोर आणू नका, नातं लांबचं आहे.)

जुन्या नोंदी फार खोलात जात नाहीत. कॅलिफोर्नियात 1910 च्या दशकात सिएरा नेवाडा खालून वर सापळे लावत पालथा घातला तेव्हा खाली 'बोटा' नावाच्या जातीचा गोफर आणि वरच्या कुरणांत डोंगरी गोफर असा उभा नकाशा मिळाला. मग 1964 साली कोलोरॅडोतल्या चार जातींचा अभ्यास आला, त्यात मातीचा मुद्दा पक्का झाला: खोल, भुसभुशीत माती दांडग्या जातीकडे आणि उथळ, खडकाळ जमीन उत्तरी गोफरकडे, कारण तो कुठेही भागवून घेतो पण भांडणात मागे पडतो.

खरा घोळ पुढे झाला. अॅरिझोनाच्या पॅटागोनिया डोंगरांत बोटा आणि दक्षिणी गोफर समोरासमोर येतात तिथे 1973 मध्ये क्रोमोसोम (गुणसूत्रं) तपासले तर संकर सापडले, पण संकर नर वांझ, म्हणजे जनुकं पलीकडे जवळजवळ जातच नव्हती. एवढं हातात असताना 1981 च्या एका जाडजूड संदर्भग्रंथात दोघांना एकच जात करून टाकलं, टाउनसेंड गोफर ही तिसरी जातही त्यातच कोंबली! संकर दिसले म्हणून जात एक, हे मला तरी घाईचं वाटतं. 1993 च्या जागतिक यादीत तिघं परत वेगळे झाले, पण मधल्या काळातला कागद वाचताना लेखक कुठलं नाव धरून चाललाय ते आधी बघावं लागतं, नाहीतर दोन जाती शेजारी असलेली दरी एकाच जातीची वाटते.

उत्तरी गोफरमध्ये तर उलटाच प्रकार, नाव एक आणि क्रोमोसोमची संख्या जागेनुसार 40 पासून 60 पर्यंत, त्यातूनच वायोमिंगचा एक गोफर वेगळी जात म्हणून काढावा लागला.

उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळलं की कुरणात गवतावर दोरखंडासारख्या मातीच्या वळ्या पडलेल्या दिसतात, हिवाळ्यात बर्फातल्या बोगद्यांत ठासलेली माती ती. त्यावरून गोफर आहे एवढं कळतं, कुठला ते कळायला पकडावाच लागतो.