शरीर ज्याला पोखरतं, तेच कामाला

१९७०च्या दशकाच्या अखेरीस पेसमेकरच्या तारांवर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचं वेष्टण आलं, तेव्हा डॉक्टर खूश होते. सिलिकोनपेक्षा हे पातळ, चिवट आणि गुळगुळीत; एकाच शिरेतून दोन तारा सरकवणंही सोपं. पुढे काही तारा बाहेर काढाव्या लागल्या, तर वेष्टणावर बारीक भेगा!

भेगा पाडत होत्या आपल्याच भक्षक पेशी. परकी वस्तू दिसली की त्या तिला चिकटतात आणि जंतू मारायला वापरतात तीच तिखट रसायनं तिच्यावर सोडतात. पॉलियुरेथेनच्या साखळीत कडक आणि मऊ तुकडे आळीपाळीनं गुंफलेले असतात. मऊ तुकड्यांमुळे ते ताणलं जातं, कडक तुकड्यांमुळे पुन्हा आकारात येतं. घाव बसत होता तो मऊ तुकड्यांतल्या ईथर नावाच्या रासायनिक बंधांवर, आणि वेष्टणाला ताण असेल तिथे आधी. मग ईथरच्या जागी कार्बोनेट आलं, टिकाऊपणा वाढला.

मला यापेक्षा उलटा विचार जास्त आवडतो: तुटणारच असेल, तर आपल्याला हवं तेव्हा आणि हवं तसं तुटू दे. अडचण एकच, तुटल्यावर उरतं काय? पॉलियुरेथेन आयसोसायनेट नावाच्या रसायनापासून बनतं, आणि गादीच्या फोममध्ये वापरतात त्या आयसोसायनेटपासून अमाइन नावाची घातक रसायनं तयार होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याऐवजी लायसिनपासून बनवलेलं आयसोसायनेट घेतलं. लायसिन म्हणजे आपल्याला वरणातून मिळणारं अमिनो आम्ल.

त्यातून भाजलेल्या जखमांवरचं तात्पुरतं आवरण, ‘नोव्होसॉर्ब बीटीएम’, आलं. ॲडलेडचे जळीत-शल्यचिकित्सक जॉन ग्रीनवुड यांनी ते रुग्णांवर वापरात आणलं. जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा पांढरा, सच्छिद्र फोम, वर पारदर्शक पापुद्रा. जळालेली त्वचा काढून तो जखमेवर स्टेपल करतात. छिद्रांतून पेशी आणि रक्तवाहिन्या वर चढू लागतात, तसा फोम पापुद्र्याखाली गुलाबी होत जातो. बोटानं दाबलं की पांढरा, सोडलं की पुन्हा गुलाबी: रक्त पोचलं! मग पापुद्रा सोलून रुग्णाच्याच त्वचेचा पातळ थर वर लावतात. अंग फार भाजलं असेल तर लावायला पुरेशी निरोगी त्वचाच उरलेली नसते. फोमनं जखम झाकून मिळवलेले मधले हे आठवडे तिथे सोन्याचे. फोम पुढे पाण्याच्या क्रियेनं हळूहळू तुटतो आणि साधारण दीड वर्षात नाहीसा होतो.

घामाच्या ग्रंथी मात्र त्यात उगवत नाहीत. पाठ भरून येते, पण उन्हाळ्यात ती पाठ घामेजत नाही.