बीटा-नॅप्थिलअमाइन आणि मूत्राशयाचा कर्करोग

कृत्रिम रंगांच्या निर्मितीत वापरले जाणारे बीटा-नॅप्थिलअमाइन हे रसायन माणसाच्या मूत्राशयात कर्करोग निर्माण करते. या रसायनामुळे प्राण्यांनाही तोच कर्करोग होतो, हे विल्हेल्म ह्यूपर (१८९४–१९७८) या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकी विषविज्ञान संशोधकाने १९३८ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले.

संशय मात्र बराच जुना होता. फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सीन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांतील मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली. त्यांनी रंगनिर्मितीतील ॲनिलीन या रसायनावर बोट ठेवले आणि ‘ॲनिलीन कर्करोग’ हे नाव रूढ झाले. पुढे खरे दोषी निघाले ते बीटा-नॅप्थिलअमाइन आणि रंगनिर्मितीतलेच दुसरे रसायन, बेंझिडीन. नाव चुकले तरी रेन यांची नजर चुकली नव्हती, हे आवर्जून सांगायला हवे.

पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांची आवक थांबली आणि अमेरिकेत रंगांचे कारखाने उभे राहिले. ड्यू पाँट कंपनीचा न्यू जर्सीतील डीपवॉटर येथील कारखाना त्यांपैकीच एक. पंधराएक वर्षांनी तेथील कामगारांना लघवीतून रक्त जाऊ लागले. ह्यूपर तेव्हा याच कंपनीच्या विषविज्ञान प्रयोगशाळेत होते. ते बीटा-नॅप्थिलअमाइनचा विभाग पाहायला गेले, तर सगळे लख्ख. तेथील मुकादमाने त्यांना सांगितले की, तुम्ही येणार म्हणून रात्रभर साफसफाई चालली होती. ह्यूपर यांनी ऐनवेळी बेंझिडीनचा विभाग दाखवायला सांगितले. तेथे रस्त्यावर, खिडक्यांवर पांढऱ्या भुकटीचा थर बसलेला होता. हे त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवले. त्यानंतर त्यांना त्या विभागांत पुन्हा जाऊ दिले नाही आणि १९३७ मध्ये त्यांची नोकरी गेली. प्रयोगाचे निष्कर्ष पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

हा प्रयोग कुत्र्यांवर होता आणि सारे महत्त्व त्या निवडीत आहे. उंदीर-घुशींवर हे रसायन वापरूनही मूत्राशयात गाठी येत नव्हत्या. त्यामुळे कामगारांच्या आजाराशी त्याचा संबंध नाही, असे म्हणायला वाव राहत होता. ह्यूपर यांनी कुत्र्यांना ते दीर्घकाळ दिले आणि बहुतेकांच्या मूत्राशयात गाठी आल्या.

असे का, याचा उलगडा नंतर झाला. मूळ रसायन स्वतः फारसे घातक नसते. यकृतातील विकरे (एन्झाइम) त्याच्या नायट्रोजनला ऑक्सिजनची जोड देतात, मग त्यावर ग्लुकुरॉनिक अम्ल चढते आणि ते मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरते. आम्लधर्मी लघवीत ही जोडणी तुटते. मोकळा झालेला अतिक्रियाशील अंश मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींच्या डीएनएला चिकटतो आणि उत्परिवर्तने घडवतो. लघवी तासन्‌तास साठते ती तिथेच, म्हणून घाव तिथेच बसतो. विष शरीरात आल्यावर शरीरच त्याला धार लावते. ॲसिटिलीकरण, म्हणजे रसायनाला ॲसिटिल हा रासायनिक गट जोडणे, हा त्यातून सुटण्याचा एक मार्ग. तो करणारी विकरे कुत्र्यात नसतात. माणसांतही ज्यांच्यात ही क्रिया जन्मतः मंद असते, त्यांना अशा अमाइनांचा धोका अधिक संभवतो.

ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस यांनी १९५४ मध्ये रंग-कामगारांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडली. मूत्राशयाच्या गाठीने मरण्याचे त्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ३० पट होते. ब्रिटनमधील उत्पादन तोवर थांबले होते. ड्यू पाँटने मात्र ते १९५५ मध्ये, म्हणजे ह्यूपर यांच्या निष्कर्षांनंतर १७ वर्षांनी थांबवले. त्या १७ वर्षांची किंमत कामगारांनी मोजली. भारतात ज्यांतून अशी घातक अमाइने सुटतात, त्या एकूण ११२ ॲझो रंगांवर (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) १९९७ पर्यंत बंदी आली.

संपर्क आणि गाठ यांत बहुधा दोन दशकांचे अंतर असते. त्यामुळे काम सोडलेल्या किंवा निवृत्त झालेल्या कामगारांच्या लघवीतील पेशींची तपासणीही पुढे अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.