बाटलीत साडेसहा चमचे, रक्तात एक

बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर छापलेली असते. २५० मिलिलिटरचं कोल्ड्रिंक म्हणजे २६ ग्रॅमच्या आसपास, चहाचे साडेसहा चमचे! एवढी साखर घातलेला चहा कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. थंडगार, आंबटसर पेयात मात्र ती जिभेला पुरती कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

आता रक्ताकडे बघू. मोठ्या माणसाच्या पाचेक लिटर रक्तात उपाशीपोटी सगळं मिळून ४-५ ग्रॅम ग्लुकोज असतं. चमचाभर. खानापूर, नंदगडकडून सकाळच्या बसनं नुसत्या चहावर निघालेली पोरं बेळगावात उतरून दहा-अकराला थंडा पितात, तेव्हा पोटात तो अडवायला भाकरी-भाजी काहीच नसतं. साखर झटकन लहान आतड्यात पोचते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. ग्लुकोज रक्तात चढतं आणि अर्ध्या-पाऊण तासात माथा गाठतं. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडून ते स्नायूंत आणि यकृतात ढकलतं.

विशीतलं निरोगी स्वादुपिंड हे काम दोनेक तासांत उरकतं. म्हणूनच कॉलेजातल्या आरोग्य शिबिरात बोट टोचलं की आकडा ठीक येतो आणि "आपली शुगर एकदम नॉर्मल" म्हणून पोरं पुन्हा कँटीनला. पण ते यंत्र फक्त साखर मोजतं. ती ताळ्यावर ठेवायला किती इन्सुलिन खर्ची पडलं, हे त्याला दिसत नाही. फ्रुक्टोजही त्यात येत नाही. ते बहुतांशी यकृतात जातं, जास्त झालं की तिथं त्याची चरबी होते आणि अशा यकृतावर इन्सुलिनची मात्रा नीट चालत नाही. अंगकाठी बारीक असल्याचा भरवसाही धरू नये. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे.

अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली काढलेल्या निष्कर्षानुसार, रोज एक-दोन गोड पेयं घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका क्वचित पिणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त दिसला.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पुढचं सांगणं जिवावर येतं. थंड्याऐवजी उसाचा रस घेतला तरी हिशेब तोच. रसातही १०० मिलिलिटरला १२ ते १५ ग्रॅम साखर असते, आणि आलं-लिंबू घातलं म्हणून ती कमी होत नाही.